समावेशनाचा हिशेब आणि शाळेतील मदतनीस

दिव्यांग मुलांनी इतर मुलांच्या बरोबरीने, एकाच वर्गात बसून शिकावे, हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९५ च्या कायद्याने या विचाराला वैधानिक आधार दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर शासनमान्य शाळांतून सर्वसमावेशक शिक्षण मिळेल यासाठी झटण्याची जबाबदारी शासनावर टाकली. अपंगत्वाचे मान्य प्रकारही सातांवरून एकवीसवर नेले. तत्त्वाचा विजय झाला खरा. परंतु तत्त्व व्यवहारात आणावयाचे तर माणसे लागतात आणि माणसांना वेतन द्यावे लागते, ही साधी गोष्ट अंदाजपत्रक आखताना नेमकी विसरली जाते.

चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाला पायऱ्या चढवून वर्गापर्यंत कोणी न्यावयाचे? हातापायांवर ताबा नसलेल्या मुलीला स्वच्छतागृहात कोणी न्यावयाचे? एखाद्या विद्यार्थ्याला अपस्माराचा झटका आला, तर उरलेला वर्ग वाऱ्यावर सोडून शिक्षकाने धावावे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अभ्यासक्रमात नाहीत. अनेक शाळांत ती शिपाई आणि सेविका देत आल्या आहेत. त्यांच्या कामाच्या यादीत याचा उल्लेख नसतो. म्हणून त्याचे मोलही कोणी केले नाही.

मोल न केलेली वस्तू काटकसरीच्या कात्रीत प्रथम सापडते. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातील खाजगी अनुदानित शाळांत शिपायासारखी चतुर्थ श्रेणी पदे रिक्त झाल्यावर नियमित वेतनावर न भरता त्यांऐवजी ठोक भत्ता देण्याचे ठरले. त्याचा दर मुंबईत दरमहा १० हजार, पुण्यात साडेसात हजार आणि अन्यत्र ५ हजार रुपये असा होता. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले, तर ५ हजारांचे रोजचे १९२ रुपये होतात. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात ३१२ रुपये मजुरी होती. ज्या राज्याने रोजगार हमीचा धडा देशाला घालून दिला, त्या राज्यात शाळेतील सेवेची किंमत मातीकामाहूनही कमी ठरावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

केंद्राच्या तिजोरीतूनही फार मोठा आधार मिळत आला आहे असे नाही. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल ३,५०० रुपयांची तरतूद धरण्यात आली. म्हणजे महिन्याला तीनशे रुपयांहूनही कमी. उपकरणे, प्रवासभत्ता, सोबत येणाऱ्या मदतनिसाचा भत्ता हे सारे एवढ्यातच भागवावयाचे.

विशेष शिक्षकांच्या बाबतीत मात्र पाऊल पुढे पडले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण केली. हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक ज्या दिवशी एका शाळेत असेल, त्या दिवशी बाकीच्या शाळांतील मुलांचे काय?

त्याचे उत्तर अनेकदा शाळेच्या व्हरांड्यात बसलेले दिसते. ती त्या मुलाची आई असते. मुलाला केव्हा गरज लागेल याचा नेम नसल्यामुळे ती शाळा सुटेपर्यंत तेथेच थांबते आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडते. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. शासनाने वाचविलेला पैसा वास्तविक वाचलेलाच नसतो; तो खर्च गरीब कुटुंबाच्या, त्यातही स्त्रीच्या खाती टाकलेला असतो. ज्या आईला मजुरी सोडणे परवडत नाही तिचे मूल घरी राहते, आणि हजेरीपटावरील नावापुरतेच समावेशन उरते.

मदतनीस नेमले की प्रश्न सुटला, असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये वर्गसहायकांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आली. तेथील एका विस्तृत अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या विद्यार्थ्यांना सहायकांची मदत अधिक मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेने कमी झाल्याचे त्यात आढळले. कारण उघड होते. सहायक जवळ आहे म्हणून शिक्षक दूर राहिला, आणि ज्यांना कुशल अध्यापनाची सर्वाधिक गरज होती त्यांच्या वाट्याला प्रशिक्षण नसलेला माणूस आला. मदतनिसाने शिक्षकाची जागा घ्यावयाची नसून शिक्षकाला त्या मुलापर्यंत पोहोचता येईल अशी मोकळीक निर्माण करावयाची आहे, हा त्याचा बोध.

यास्तव तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. मदतनिसांची पदे शाळेच्या एकूण पटावर न ठरविता मुलांच्या प्रत्यक्ष गरजेवर ठरवावीत. त्यांचे वेतन निदान किमान वेतनाच्या खाली जाऊ नये. आणि उचलणे, भरविणे, झटक्याच्या वेळी घ्यावयाची काळजी व मुलाचा आत्मसन्मान यांविषयी त्यांना अल्पकाळाचे का होईना, पण रीतसर प्रशिक्षण मिळावे. मुलींसाठी स्त्री मदतनीस असावी, हे वेगळे सांगावयास नको.

यास पैसा लागेल हे खरे. परंतु शिकून स्वतःच्या पायावर उभा राहिलेला नागरिक आणि आयुष्यभर परावलंबी राहिलेला नागरिक यांच्यातील फरकाचा हिशेब मांडला, तर हा खर्च फार मोठा वाटणार नाही. कायद्याने दार उघडले आहे. उंबऱ्यावर अडलेल्या मुलाला हात देणारा माणूस नेमणे हे आता शासनाचे काम आहे.