अहवालाचा गोषवारा

मोठ्या अहवालाच्या आरंभी एकदोन पानांचा गोषवारा जोडण्याची चाल कचेऱ्यांतून रूढ आहे. इंग्रजीच्या वळणाने त्यास कोणी ‘कार्यकारी सारांश’ असेही म्हणतात. निर्णय ज्यांच्या हाती असतो, ती मंडळी पुष्कळदा तेवढीच पाने वाचतात. दीडशे पानांचे श्रम अशा रीतीने दोन पानांच्या स्वाधीन होतात. आणि तरीही हे काम बहुधा शेवटच्या घटकेस कसेबसे उरकले जाते.

प्रत्येक प्रकरणातील एकेक वाक्य उचलले की गोषवारा तयार झाला, अशी अनेकांची समजूत असते. अहवालात आधी माहिती, मग विवेचन आणि शेवटी निष्कर्ष येतो. गोषवाऱ्यात हा क्रम उलटा धरावयाचा असतो. समजा, एखाद्या सहकारी साखर कारखान्याने जुना बॉयलर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, असा प्रश्न आहे. तेथे गोषवाऱ्याचा आरंभ कारखान्याच्या स्थापनेपासून करण्याचे कारण नाही. ‘पुढील गळीत हंगामापूर्वी नवा बॉयलर घ्यावा’ हे पहिले वाक्य असावे. त्यानंतर प्रमुख कारणे, खर्चाचा आकडा, न घेतल्यास होणारे नुकसान आणि संचालक मंडळाने नेमके काय मंजूर करावयाचे, ते यावे. मूळ अहवालात नसलेले काही त्यात शिरता कामा नये. मात्र अहवाल न उघडताही तो पुरता समजला पाहिजे. म्हणूनच सर्वांत आधी वाचला जाणारा हा मजकूर सर्वांत शेवटी लिहावा.

याहून अवघड गोष्ट म्हणजे शंकेला योग्य जागा देणे. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अंतराळयान उड्डाण करीत असता, इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी हानीचा अंदाज बांधला आणि तो सारांशरूपाने वरिष्ठांपुढे मांडला. त्यातील एका तक्त्याचा मथळा धीर देणारा होता. चाचण्यांतील तुकडा ३ घनइंचांचा, तर या प्रसंगी धरलेले आकारमान १,९२० घनइंच, म्हणजे ६४० पट, ही बाबही त्याच तक्त्यात होती. पण ती अगदी तळाशी होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. एका तक्त्यामुळेच हे घडले, असे म्हणता येणार नाही. परंतु चौकशी मंडळाने त्या तक्त्याचा मुद्दाम उल्लेख केला. तो वाचून एखाद्या वरिष्ठास हा प्राणांचा प्रश्न आहे हे उमगले नाही, तर नवल नाही, असा त्याचा अभिप्राय होता. तक्त्यात धोक्याची माहिती होती. ती जेथे डोळा प्रथम जातो तेथे नव्हती.

तेव्हा गोषवारा लिहून झाल्यावर लेखकाने स्वतःस विचारावे: कोणती गोष्ट खरी ठरली, तर माझी शिफारस फसेल? त्या गोष्टीस, आकडा असल्यास आकड्यासह, शिफारशीच्या शेजारीच स्थान द्यावे. नवा बॉयलर हंगामापूर्वी पोहोचला नाही तर काय करावयाचे, हे संचालकांना मंजुरीची सही करण्यापूर्वी कळावयास हवे.