पडद्यावरची मेणबत्ती आणि घरातली शेगडी

१९७८ सालचा हिवाळा. मी तेव्हा सातवीत होतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेत 'शिनेमा' येणार, अशी आवई आठ दिवस आधीच उठली होती. शेवटी एका दुपारी जीप आली. तिच्यातून प्रोजेक्टरची पेटी उतरली, तेव्हा ती धरायला अर्धी शाळा धावली. वर्गात अंधार करायचा म्हणून गुरुजींनी घरोघरची घोंगडी मागवून खिडक्यांना ठोकली. त्यातल्या एका घोंगड्याला भोक होते. अंधार होताच समोरच्या पांढऱ्या भिंतीवर अंगणातला लिंब उमटला, पण बुडखा वर आणि शेंडा खाली! आम्ही पोरे ओरडलो, "गुरुजी, शिनेमा सुरू झाला!" गुरुजी म्हणाले, "अरे, हा शिनेमा नव्हे, हा प्रकाश. तो सरळ रेषेत जातो. शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि बुडख्याचा वर चढतो." प्रकाशाचा पहिला धडा असा फाटक्या घोंगड्याने दिला. पुढे कळले की प्रोजेक्टरमध्येही फिल्म उलटीच घालतात आणि पुढचे भिंग ती सुलटी करून पडद्यावर टाकते.

मग यंत्र घरघरू लागले. सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, म्हणून आपल्याला हालचाल दिसते. चारशे फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. मध्येच फिल्म अडकली की दिव्याच्या उष्णतेने त्या जागी तांबूस बुडबुडा फुगे आणि पडद्यावर भोक पसरत जाई. आम्हाला तीच मोठी मौज वाटे. पण त्यातही एक शहाणपण दडलेले होते. जुन्या काळची मोठ्या सिनेमाची फिल्म नायट्रेटची असे. तिच्यातच प्राणवायू सामावलेला, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यातसुद्धा विझत नसे. पुण्यात २००३ साली अशाच जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी मूकपट कायमचे गेले. १९२३ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १६ मिलिमीटरची अरुंद फिल्म काढली, ती मुळातच सहज न पेटणाऱ्या पदार्थावर. ही फिल्म घरांत आणि शाळांत जायची होती. मुलांना ज्वलन शिकवणारी फिल्म स्वतःच पेटली तर कसे व्हायचे!

शिकवण्यासाठी चित्रपट ही कल्पना काही परदेशाचीच मिरास नाही, बरे का. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरून कॅमेऱ्यापुढे बसले होते. महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाची एकेक चौकट टिपत राहिले. चित्रपट जेमतेम मिनिटभराचा झाला, पण त्यात कोंब फुटून वेल वाढताना डोळ्यांदेखत दिसे. त्यावरच त्यांना पुढच्या कामासाठी पैसा मिळाला. शेतकऱ्याला उगवण माहीत असते, पण ती चालताना त्यानेही कधी पाहिलेली नसते. डोळ्याला जे फार सावकाश, फार झटपट किंवा फार बारीक, ते दाखवावे ते फिल्मनेच.

बारीक म्हणजे किती? १९०३ साली लंडनच्या एका नाट्यगृहात मार्टिन डंकन यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेले चित्रपट दाखवले. त्यात चीजवर वळवळणारे किडे पडदाभर मोठे होऊन चालत होते. आमच्या शाळेतल्या फिल्ममध्ये डबक्यातल्या पाण्याचा थेंब होता. त्यातले जीव चपलेच्या तळव्यासारखे दिसत आणि गरगर फिरत. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी आडाचे पाणी ओंजळीत घेऊन तासभर निरखले. काही दिसले नाही, पण पाणी गाळून प्यायची सवय मात्र तेव्हाची. हे जीव पहिल्यांदा पाहणारा लेवेनहूक हा हॉलंडमधला कापडाचा व्यापारी होता. १६७० नंतरच्या काळात त्याने घरी घासलेल्या एकाच इवल्या भिंगातून ते पाहिले. आता २०१४ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांनी तयार केलेला कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक निघाला आहे. तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो.

पण मला सांगायची आहे ती मेणबत्तीची गोष्ट. तिसरे रीळ ज्वलनाचे होते. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती उभी केली होती. एका हाताने तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत लहान झाली, निळसर झाली, विझली. पाणी पेल्यात वर चढले. फिल्ममधला साहेब इंग्रजीत बोलत होता. गुरुजींनी मराठीत सांगितले, "हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. तो जळून गेला, म्हणून तेवढे पाणी वर आले."

घरी त्याच वेळी थोरली आक्का बाळंतपणाला आलेली होती. पौषाची थंडी. माजघरामागच्या खोलीत तिची बाज, बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडकीला पोते ठोकलेले. दोन दिवस आक्काचे डोके ठणकत होते, मळमळत होते, सारखी गुंगी येत होती. आजीने दृष्ट काढली. मी शाळेतून आलो तो थेट तिथे गेलो.

"आजी, खिडकीचं पोतं काढ."

"काढ म्हंजे? बाळंतिणीला वारं लागंल."

मी लोणच्याची धुतलेली बरणी आणली आणि चिमणीवर पालथी घातली. चिमणी फडफडली आणि गेली. आजी बघत राहिली. मग म्हणाली, "त्यो दिवा हाय. मानूस न्हवं." पण रात्री तिने शेगडी ओसरीवर नेली आणि धूर जाऊन निखारे लालबुंद झाल्यावर परत आत आणली. पहाटे आक्का उठवता उठेना. दादांनी तिला उचलून अंगणात आणले आणि बाळाला आईने घेतले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, "खोलीत हवा नव्हती." दोघे वाचले. त्यानंतर ते पोते आमच्या घरात पुन्हा खिडकीला लागले नाही.

मायभगिनींनो, इथे आजी चुकली, आणि मीही अर्धाच बरोबर होतो. धूर गेला म्हणजे धोका गेला असे नाही. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो. लाल निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने त्याला धरते, आणि मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे. असे दिसले की माणसाला आधी उघड्यावर आणावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. 'झोपू द्या, बरे वाटेल' असे म्हणू नये. आज शेगड्या कमी झाल्या, पण बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून आंघोळ करतात, तिथेही हाच वैरी असतो. गिझर बाहेर बसवावा. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये, मग थंडी कितीही असो.

आता त्या पाण्याचे. मी पुढे मास्तर झालो आणि कितीतरी वर्षे मुलांना तेच सांगत राहिलो की पाचवा हिस्सा जळाला, म्हणून पाणी चढले. एके वर्षी सहावीतल्या एका मुलीने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, ताटली तीच. पाणी पुष्कळच जास्त चढले. ती म्हणाली, "गुरुजी, तीन लावल्या म्हणून हवेत प्राणवायू जास्त आला का?" मला उत्तर सुचेना.

आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिले. पेला घालतानाच त्याच्या कडेखालून बुडबुडे निघतात. ज्योतीने हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी जास्त चढते ते ज्योत विझल्यानंतर. नीट पाहिले तर हे फिल्ममध्येही दिसते, पण आमचे लक्ष तिकडे नव्हते. शिवाय हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. म्हणजे विझल्यावरही पेल्यात बराच प्राणवायू शिल्लक असतो. सगळा जळाला हे खरे नव्हे.

त्या साहेबाच्या फिल्मवर मी रागावलो नाही. तिच्यामुळे घरातले पोते निघाले होते. पण फिल्मला तीन मेणबत्त्या लावायला सांगता येत नाही.

लंडनमध्ये मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा १८६० च्या नाताळात मुलांसमोर एक मेणबत्ती घेऊन उभा राहिला होता. तिच्यावर त्याने सहा व्याख्याने दिली. वातीचा धूर विझल्या विझल्या दूरून पेटवला तर ज्योत उडी मारून वातीवर येते, कारण जळते ती मेणाची वाफ. हे त्याने दाखवले ते करून. आजकाल पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या प्रयोगांच्या छोट्या फिल्म केल्या आहेत. त्या मराठीतही आहेत आणि मोबाइलवर दिसतात. एक-दोन मिनिटांची फिल्म. पण बघून झाली की काडेपेटी, तार, रिकामी बाटली शोधायला पोरे उठतात.

नातवंडांना मी त्या अशा दाखवतो: उत्तर येण्याआधी मोबाइल थांबवायचा आणि प्रत्येकाला विचारायचे, आता काय होईल? मागच्या दिवाळीत पाण्याचा प्रयोग लावला होता. धाकटी म्हणाली, "आजोबा, पेला आधी गरम पाण्यात बुडवून, मेणबत्ती न लावताच पालथा घातला तर?"

आम्ही घातला. पाणी थोडे चढले.