आगीत भागीदार, राखेचे काय?

विजेचे एक युनिट तयार करायला आपल्याकडे साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. सगळी वीज कोळशाचीच असते असे नाही, पण महाराष्ट्रात तिचा मोठा हिस्सा कोळशातूनच येतो. त्या हिशेबाने महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराने सुमारे 130 किलो कोळसा जाळला. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, म्हणून त्याच घराच्या नावावर चाळीस-पंचेचाळीस किलो राखही पडते. कोळसा आपल्या चुलीत जळत नाही, त्यामुळे धूर डोळ्यांत जात नाही आणि राख उपसावी लागत नाही, एवढेच.

ती राख ज्यांच्या वाट्याला येते त्यांत चंद्रपूर पुढे आहे. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र तिथे आहे. क्षमता 2920 मेगावॅट. ते पूर्ण भाराने चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. कोळसा मात्र लांबून आणायला नको. वर्धा नदीच्या खोऱ्यात, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, भद्रावती या पट्ट्यात तो जमिनीखालीच आहे. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडे गाळाखाली दबली आणि त्यांचा हा कोळसा झाला. अल्लाहने जे घडवायला कोट्यवधी वर्षे घेतली, ते आपण दोन-तीन शतकांत संपवायला निघालो आहोत.

पूर्वी खाणी भूमिगत असत. आता बहुतेक कोळसा खुल्या खाणीतून निघतो. त्यात वरचे जंगल आणि शेत आधी जाते, मग माती आणि खडक. या मातीचे डोंगरच्या डोंगर खाणीभोवती उभे राहतात. पावसात ती माती नाल्यांत आणि नदीत उतरते. खाणीत साठणारे पाणी सतत उपसावे लागते, त्याने आसपासच्या विहिरी खाली जातात. ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते आणि ताडोबाकडून आलेल्या वाघ-बिबट्यांना आडोसा मिळतो. शहराच्या कडेला, वीज केंद्राच्या आवारातही वाघ दिसतात ते काही उगाच नाही.

जुन्या भूमिगत खाणींचे देणेही फिटलेले नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली, अल्हम्दुलिल्लाह. खाली पूर्वीच्या खाणीची पोकळी होती. कोळसा कधीच जळून गेला, त्याची वीजही कुणी वापरून संपवली, आणि खड्डा मात्र अशा कुटुंबाच्या अंगणात उघडला ज्याचा त्या खाणीशी संबंध नव्हता.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत लोकांना एकमेकांचे भागीदार ठरवले. आगीत इंधनही येते, असा अर्थ अनेक उलेमांनी लावला आहे. खनिजाविषयीचा एक प्रसंग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. यमनमधील मआरिब येथील मिठाची जागा हजरत अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती दिली. नंतर कुणी तरी लक्षात आणून दिले की ही जागा म्हणजे न आटणाऱ्या पाण्यासारखी आहे, कुणीही यावे आणि घ्यावे. तेव्हा प्रेषितांनी (स.) दिलेली जागा परत घेतली. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे. जमिनीतली संपत्ती एकट्याच्या पदरात पडू नये, ही काळजी त्यात दिसते. आमच्या मते भागीदारीचा अर्थ नफ्यापुरता घेता येत नाही. दुकानात भागीदार असतो तो तोट्यातही असतो. पुण्या-मुंबईच्या दिव्यांत आपण भागीदार असू, तर चंद्रपूरच्या दम्यात आणि आटलेल्या विहिरीतही आहोत.

इस्राफ म्हणजे उधळपट्टी. वजूच्या पाण्यात तो टाळायला आपण मुलांना शिकवतो. लग्नाच्या मांडवात आणि रमजानच्या रोषणाईत तो कुणी आठवत नाही. छतावर सौर पॅनेल बसवणे परवडत असेल तर जरूर बसवावे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती जोडणीला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अर्थात पॅनेलचा धातूही कुठल्या तरी खाणीतूनच येतो, म्हणून पंखा बंद करण्याला पर्याय नाही.

खाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. 2015 च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. रॉयल्टीखेरीज तिच्या 10 ते 30 टक्के इतकी रक्कम खाणचालकांना या निधीत भरावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि पर्यावरण यांवर तो प्राधान्याने खर्च व्हायचा असतो. आपल्या गावासाठी त्यातून काय झाले, हे माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज करून विचारता येते. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या, ती अर्ज नीट लिहून देईल.