नर की मादी? वाळू ठरवते!

अपत्य नर होणार की मादी, हे गुणसूत्रं ठरवतात, असं आपण शाळेत शिकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर मात्र निसर्गाचा वेगळा नियम चालतो. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा खणून शंभरेक अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परतते. पुढे सुमारे ५० दिवस ऊब देते ती वाळूच. उबवणीच्या मधल्या टप्प्यात वाळू साधारण २९ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर नर जास्त निपजतात. गरम असेल तर माद्या.

म्हणून तापत्या हवामानाची काळजी वाटते. नर फारच कमी झाले तर पुढची पिढी कुठून येणार? २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था आणि गावकऱ्यांनी इथली अंडी चोरांपासून, कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपली. आता वाळू फार तापणार नाही, हेही जपावं लागेल.

मुलांनो, उन्हातल्या, सावलीतल्या आणि ओल्या वाळूत तापमापी खुपसून पाहा. एका झाडाच्या सावलीने किती अंशांचा फरक पडतो, ते वहीत नोंदवा. संवर्धनाचं विज्ञान अशा नोंदींतूनच सुरू होतं.