खंबायतच्या समुद्रांतलें लांकूड

एखादी वस्तु किती जुनी आहे हें सांगणें, आणि ती जेथें सांपडली तेथील मनुष्यवस्ती किती जुनी आहे हें सांगणें, या दोन गोष्टी वरवर पाहतां एकच वाटतात. परंतु त्या एक नव्हेत. खंबायतच्या आखातासंबंधीं जो वाद माजला, त्याचें मूळ याच भेदांत आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनें २००१ च्या सुमारास या आखाताच्या तळाची ध्वनिलहरींच्या साह्यानें पाहणी केली. गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारें २० किलोमीटरवर, ३० ते ४० मीटर पाण्याखालीं, चौकोनी आकृत्यांच्या रांगा चित्रांत उमटल्या. पुढें तळाचा गाळ यंत्रानें उपसला, तेव्हां खापऱ्या, दगड आणि लांकडाचा एक तुकडा वर आला. लांकडाचें वय सुमारें ९५०० वर्षें ठरलें. जानेवारी २००२ मध्यें तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनीं ही वार्ता जाहीर केली. हडप्पा-मोहेंजोदडोच्या भरभराटीचा काळ इसवी सनापूर्वी २६०० पासूनचा. त्याहून जवळजवळ पांच हजार वर्षें जुनें नगर हातीं आलें, असें अनेकांस वाटलें.

संशय उत्पन्न झाला तो येथेंच. सजीवाच्या देहांत किरणोत्सारी कार्बन असतो. मृत्यूनंतर त्याची भर थांबते आणि ५७३० वर्षांत तो निम्मा उरतो. यावरून लांकूड किती जुनें तें कळतें. त्यास माणसाचा हात लागला होता कीं नाहीं, तें कळत नाहीं. उत्खननांत एकाच अविचल थरांत लांकूड व मडकें शेजारीं सांपडलें, तर एकाचें वय दुसऱ्यास लावतां येतें. उपसणारें यंत्र मात्र सारे थर कालवून टाकतें. शिवाय या आखाताची भरती-ओहोटी अतिशय जोराची. नद्यांनीं वाहून आणलेलें लांकूड तिच्या ओढीनें कोठल्या कोठें जाऊन पडतें.

मग समुद्राखालीं प्राचीन वस्ती असणेंच अशक्य काय? मुळींच नाहीं. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. इस्रायलच्या किनाऱ्यालगत बुडालेलें अटलित-याम हें गांव सुमारें ९००० वर्षांपूर्वींचें आहे. परंतु तेथें घरें, विहीर आणि दफनें पाणबुड्यांनीं जागच्या जागीं तपासलीं आहेत.

खंबायतचें लांकूड खोटें नाहीं, त्याचें वयही खोटें नाहीं. उणीव आहे ती लांकूड आणि नगर यांस जोडणाऱ्या पुराव्याची. तो मिळेपर्यंत अभिमानास थोडा आवर घालणें, हेंच इतिहासाच्या अभ्यासकास शोभतें.