नावांचे दगड आणि निनावी थडगी

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरात दूरवर घुसलेले डिंगल हे द्वीपकल्प आहे. डिंगल गावाजवळ बॅलिनटॅगर्ट येथे वर्तुळाकार बांधाने वेढलेली एक लहानशी जागा आहे. आत गवत माजलेले, आणि त्या गवतात लाटांनी घासून गुळगुळीत झालेले नऊ दगड. त्यांच्यावर आडव्या-तिरप्या रेघा कोरलेल्या आहेत. नवख्या माणसास त्या नांगराच्या फाळाचे ओरखडे वाटतील. वस्तुत: ते लेख आहेत, आयरिश भाषा प्रथम अक्षरबद्ध झाली ती अशाच दगडांवर, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी. परंतु याच जागेत आणखीही काही दगड आहेत. ते लहान आहेत, ओबडधोबड आहेत आणि त्यांवर काहीच लिहिलेले नाही. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच दगावलेली अर्भके त्यांच्याखाली पुरलेली आहेत. लेखांच्या दगडांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले गेले. बिनलेखाच्या दगडांकडे मात्र विद्वानांचे लक्ष जावयास फार उशीर लागला.

केल्टिक भाषांतील सर्वांत जुने लेख आयर्लंडात नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. ते उत्तर इटलीत, सरोवरांच्या प्रदेशात सापडतात आणि इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकापर्यंत मागे जातात. त्यांची लिपी एट्रुस्कन लोकांकडून उसनी घेतलेली. आयर्लंडने मात्र स्वत:ची अशी निराळीच लिपी घडविली. तिचे नाव ओगम. तिचे लेख मुख्यत: इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांतील आहेत. असे सुमारे चारशे दगड आज ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य आयर्लंडच्या दक्षिण भागात असून जवळजवळ एक-तृतीयांश एकट्या केरी परगण्यात आहेत. उरलेले वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड आणि मॅन बेट येथे विखुरलेले आहेत.

ही लिपी मोठी मजेदार आहे. अक्षरे वीस, पाच-पाच अक्षरांचे चार गट. दगडाची उभी कड हीच तिची शिरोरेषा म्हणावयाची. कडेच्या एका बाजूस एक ते पाच रेघा हा पहिला गट, दुसऱ्या बाजूस तितक्याच रेघा हा दुसरा, कड तिरपी ओलांडून जाणाऱ्या रेघा हा तिसरा, आणि कडेवरच्या खाचा म्हणजे स्वर. वाचन खालून वर. लेख लांबला तर माथ्यावरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने खाली उतरावयाचे. ज्यास पाच बोटे मोजता येतात त्यास ही लिपी शिकता येईल. मात्र कड झिजली की चाराची रेघ तीन होते, आणि एका रेघेने माणसाचे नाव बदलते.

या लिपीची किल्ली कधीच पूर्णपणे हरवली नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘बॅलिमोटचा ग्रंथ’ या हस्तलिखितात तिचे विवरण आहे. ते विश्वसनीय आहे याचा पुरावा वेल्समध्ये मिळाला. तेथील काही दगडांवर एकच मजकूर लॅटिन व ओगम अशा दोन्ही लिपींत आहे. सेंट डॉगमेल्स येथील दगडावर लॅटिनमध्ये ‘सग्रानी फिली कुनोतामी’ असे आहे आणि कडेवर ओगममध्ये ‘सग्राग्नी मक्वी कुनातामी’. अर्थ एकच: कुनातामाचा पुत्र सग्राग्न, त्याचा.

‘त्याचा’ या षष्ठीतच ओगम लेखांचे सारे रहस्य आहे. जवळजवळ प्रत्येक लेखात नावे षष्ठी विभक्तीत असतात. दगड हा शब्द अध्याहृत. अमक्याचा, अमक्याच्या पुत्राचा, अमक्या कुळातील माणसाचा – बस्स, एवढेच. मृत्यूचे वर्ष नाही, पराक्रम नाही, शोकाचा एक शब्द नाही. कार्ले-जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख ज्यांनी पाहिले आहेत त्यांना नावापुढील षष्ठी आणि बापाचे नाव या गोष्टी ओळखीच्या वाटतील. कुळासाठी ‘मुकोई’ हा शब्द येतो आणि त्यापुढे बहुधा कुळाच्या मूळ पुरुषाचे अथवा देवतेचे नाव. बॅलिनटॅगर्टच्या एका दगडावर ते ‘डोव्हिनिआस’ असे आहे. ही डोव्हिनिया म्हणजे तेथील कुळाची आदिमाता. डिंगल द्वीपकल्पाचे आयरिश नाव कोर्का ग्विव्ने, म्हणजे त्या मातेचे वंशज. ते आजही रस्त्यावरील पाट्यांवर लिहिलेले असते. दगडावरील एक नाव दीड हजार वर्षे लोकांच्या जिभेवर टिकून राहावे, हे भाग्य फार थोड्या शिलालेखांना लाभले आहे.

संस्कृतच्या विद्यार्थ्यास या रेघांत आणखी एक गंमत आढळेल. वेल्समधील एका राजाच्या स्मारकावर त्याचे नाव लॅटिनमध्ये ‘वोतेपोरिगिस’ आणि ओगममध्ये ‘वोतेकोरिगास’ असे षष्ठ्यन्त आहे. ‘रिगास’ म्हणजे राजाचा. आपला ‘राज्ञ:’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘कुना’ म्हणजे शिकारी कुत्रा. संस्कृतातील ‘श्वन्’, षष्ठीत ‘शुन:’. (आपल्याकडे जी शिवी ठरते ती तेथे योद्ध्याची पदवी होती.) याच राजाच्या नावात लॅटिन लेख जेथे ‘प’ लिहितो तेथे ओगम ‘क’ लिहिते, आणि केल्टिक भाषांच्या दोन शाखांमधील जुनी फारकत त्या एका अक्षरात दिसून येते. मूळच्या वीस अक्षरांत ‘प’ नव्हताच.

या अभ्यासाचा एक धागा हिंदुस्थानातून गेलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. डब्लिनमध्ये जन्मलेले व्हिटली स्टोक्स हे १८६२ साली कायद्याच्या व्यवसायासाठी मद्रासला आले आणि पुढे १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदे-सदस्य झाले. १८८२ च्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया संहितांच्या रचनेत त्यांचा मोठा हात होता. आपल्या कचेऱ्यांत ज्या कलमांचा कीस काढला गेला त्यांचा हा कर्ता फावल्या वेळात प्राचीन आयरिश हस्तलिखितांचे संपादन करीत असे. त्यांतील काही पुस्तके कलकत्त्यास आणि सिमल्यास छापली गेली. तौलनिक भाषाशास्त्रात स्टोक्स यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करावयास हवी. प्राचीन आयरिश धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जमिनीच्या मालकीचा पुरावा म्हणून दगडावरील ओगम लेखाचा उल्लेख येतो. म्हणजे हा दगड नुसते स्मारक नव्हे. तो एका अर्थी सातबाराचा उतारा होता. येथे आमचा पूर्वज पुरला आहे, म्हणून ही भूमी आमची. ज्यास बाप आहे, कुळ आहे आणि जमीन आहे त्याचेच नाव दगडावर चढणार, हे ओघाने आलेच. स्त्रियांचा उल्लेख अपवादानेच. ‘कन्या’ या अर्थाचा ‘इनिगेना’ हा शब्द एकाच ओगम दगडावर आढळतो. तो दगडही आयर्लंडातील नव्हे, वेल्समधील एग्लिस गिमिन येथील. कुनिग्नाची कन्या अविटोरिया हिचा तो दगड.

हे दगड अर्भकांच्या दफनभूमीत कसे सापडले, याचा उलगडा दोन टप्प्यांत होतो. ख्रिस्ती धर्म आयर्लंडात रुजला त्या आरंभीच्या शतकांत ठिकठिकाणी लहान लहान प्रार्थनास्थळे आणि त्यांभोवती वर्तुळाकार बांधाच्या दफनभूमी निर्माण झाल्या. ओगम दगड पुष्कळदा याच आवारांत उभे होते. बाराव्या शतकात चर्चची नवी व्यवस्था आली, गावोगाव मोठी चर्चे ठरली आणि ही जुनी आवारे ओस पडली. त्यांची नावे तेवढी उरली: किलीन, म्हणजे लहानसे देऊळ.

दुसरा टप्पा धर्मशास्त्राचा. बाप्तिस्म्यावाचून मुक्ती नाही असा संत ऑगस्टिनचा कठोर निर्णय. मध्ययुगातील पंडितांनी त्यास थोडे सौम्य केले आणि अशा बालकांसाठी स्वर्ग व नरक यांच्या सीमेवर ‘लिम्बो’ नावाची जागा कल्पिली. तेथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. पंडितांचा प्रश्न सुटला; आईबापांचा सुटला नाही. चर्चच्या पवित्र भूमीत अशा बालकास जागा मिळेना. मग ते कोठे न्यावयाचे? ओस पडलेल्या किलीनमध्ये. ही जागा धड पवित्र नाही, धड अपवित्रही नाही. लिम्बोची जणू पृथ्वीवरील प्रतिकृतीच. विशेषत: सतराव्या शतकापासून ही प्रथा सार्वत्रिक झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. अशा हजाराहून अधिक दफनभूमींची नोंद आयर्लंडात झाली आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली अनोळखी प्रेते आणि आत्महत्या केलेली माणसे यांनाही कधी कधी येथेच जागा मिळे.

दफन सूर्यास्तानंतर किंवा पहाटेपूर्वी होई. बाप अथवा घरातील एखादा पुरुष लहानशी पेटी घेऊन जाई. धर्मगुरू नसे, प्रार्थना नसे, आई बहुधा घरीच असे. उशाशी एखादा साधा दगड, कधी त्यावर पांढऱ्या गारेचे खडे. पश्चिम आयर्लंडातील आम्लयुक्त मातीत कोवळी हाडे फार काळ टिकत नाहीत. त्या खड्यांवरूनच उत्खनन करणाऱ्यास थडगे ओळखावे लागते. त्याच द्वीपकल्पातील रीस्क येथे टॉम फॅनिंग यांनी १९७२ ते १९७५ या काळात उत्खनन केले. प्राचीन मठाच्या अवशेषांवरच पुढील शतकांत अशी दफनभूमी वसली होती, हे तेथे स्पष्ट दिसून आले.

आता या कथेतील खरा विरोधाभास लक्षात यावा. ज्या भूमीत बाप्तिस्मा न झालेले मूल पुरले आहे तिला नांगर लावू नये, तेथील दगड हलवू नयेत, नाही तर घरावर अरिष्ट येते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. अशा थडग्यावर नकळत पाय पडला तर माणसास ओळखीच्या शेतातही वाट सापडत नाही, असेही म्हणत. आजूबाजूची आवारे सपाट झाली, उभे दगड फोडून बांधांत गेले. किलीन मात्र शिल्लक राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांतील ओगम दगडही. कुळ, वंश आणि जमीन यांचा अभिमान मिरविणारे लेख ज्यांना नावसुद्धा मिळाले नाही अशा बालकांच्या आश्रयाने वाचले, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

विद्वानांनी या आश्रयाची दखल घेतली ती मात्र वादातील मुद्दा म्हणून. कॉर्कचे वास्तुविशारद रिचर्ड रोल्ट ब्रॅश यांचे म्हणणे असे, की चर्चने टाकून दिलेल्या जागेत हे दगड सापडतात, अर्थात ते ख्रिस्तपूर्व धर्माचे. कवी आणि पुराणवस्तुज्ञ सर सॅम्युएल फर्ग्युसन यांनी नेमकी उलट बाजू घेतली आणि हे लेख ख्रिस्ती लोकांचेच असल्याचे प्रतिपादन केले. ब्रॅश यांचा ग्रंथ १८७९ मध्ये आणि फर्ग्युसन यांचा १८८७ मध्ये, दोन्ही त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. मॅकॅलिस्टर यांनी १९४५ मध्ये सर्व लेखांचा संग्रह क्रमांकवार छापला. अभ्यासकांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. यांतील कोणाचेही परिश्रम कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि बाजूच्या लहान दगडांची मोजदाद मात्र तेव्हा कोणी केली नाही.

शिवाय दगड जागेवरून हलविले गेले. लॉर्ड व्हेंट्री या जमीनदाराने द्वीपकल्पातील काही ओगम दगड डिंगलजवळच्या आपल्या बर्नहॅम येथील वाड्याच्या वाटेवर शोभेसाठी आणून उभे केले. कॉर्क परगण्यातील रूव्हस्मोर येथील तीन दगड एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. कॉर्कच्या विद्यापीठ महाविद्यालयातील दगडी व्हरांड्यात असे अठ्ठावीस दगड मांडलेले आहेत. ते पावसापासून सुरक्षित आहेत, वाचावयास सोपे आहेत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जमिनीवरील हक्क सांगणारा दगड जमिनीवरूनच उचलला, तर त्याच्या लेखाचा अर्धा अर्थ मागे राहतो; आणि ज्या दफनभूमीतून तो गेला तिच्याकडे फिरकण्याचे कोणासही कारण उरत नाही.

अर्थात, दगडांचा मूळ हेतू विसरण्याचे पाप केवळ जमीनदारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वॉटरफर्ड परगण्यात ड्रमलोहन येथे अशाच एका जुन्या दफनभूमीच्या आवारात १८६७ साली एक भुयार उघडे पडले. त्याच्या भिंतींना आणि छताला ओगम दगड वापरलेले होते. तेथे एकूण दहा ओगम दगड आहेत. ही भुयारे मध्ययुगाच्या पूर्वार्धातील. म्हणजे लेख कोरल्यावर थोड्याच शतकांत त्या पूर्वजांची नावे कोणास नकोशी, निदान निरुपयोगी, झाली होती. ड्रमलोहनचे दगड १९३६ मध्ये बाहेर काढून त्याच जागी पुन्हा उभे करण्यात आले. हा मार्ग अधिक सुज्ञपणाचा होता.

मधल्या काळात धर्मशास्त्रही बदलले. बाप्तिस्म्यापूर्वी वारलेल्या बालकाचे अंत्यविधी चर्चमध्ये करण्यास बिशपला अनुमती देता येईल, असे १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने मान्य केले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बालकांच्या मुक्तीची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असा अभिप्राय दिला. गेल्या काही दशकांत अनेक गावांनी आपापली किलीन साफसूफ करून तेथे स्मारकशिला उभारल्या, प्रार्थना केल्या. त्या प्रार्थनांना आलेल्या वृद्धांपैकी कित्येकांची भावंडे तेथे पुरलेली होती. ओगम लेखांचेही त्रिमितीय संगणकीय आलेखन डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेने हाती घेतले, आणि २०२१ पासून ग्लासगो व मेनूथ या विद्यापीठांनी ते काम आयर्लंडबाहेरील दगडांपर्यंत वाढविले. झिजलेल्या कडेवरील चौथी रेघ आता पडद्यावर पुन्हा दिसू लागली आहे.

अर्भकांसाठी असे कोणतेही साधन उपलब्ध नाही. चर्चच्या दप्तरातील नोंद बाप्तिस्म्यापासून सुरू होते. ज्यांचा तो झालाच नाही त्यांचे नाव तेथे असण्याचा संभवच नव्हता. त्यांचा लेखी उल्लेख सापडतो तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील सरकारी मोजणीच्या नकाशांवर. मोजणीदारांनी गावकऱ्यांना विचारून शेताच्या कोपऱ्यात एक तुटक रेघांचे वर्तुळ काढले आणि त्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिले: मुलांची दफनभूमी.