सेन्सर कुठं बसवलाय?

धाराशिवमधल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात भर मे महिन्यात एसीचा मेकॅनिक आला होता. तक्रार नेहमीचीच: पुढच्या रांगांतले लोक कुडकुडतात आणि मागचे घामाघूम होतात. मला वाटलं, हा आता गॅस तपासणार. त्यानं मशिनला हातही लावला नाही. खिशातला थर्मामीटर काढून तो पश्चिमेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तापमानाचा सेन्सर तिथंच बसवला होता. दुपारभर उन्हानं तापलेली भिंत सेन्सरला सांगत होती, सभागृह गरम आहे. बिचारं मशिन मग थांबणार तरी कसं? झोताखालच्या पाहुण्यांना हुडहुडी भरायची, ती त्यामुळं.

त्यानं सेन्सर परतीच्या हवेच्या डक्टमध्ये नेला. सगळ्या सभागृहाची हवा तिथं एकत्र होऊन येते, म्हणून आकडा खरा मिळतो. नंतर पॅनेलवर २४ अंश लावले आणि पंख्याचा वेग उतरवला. पंखा ८० टक्के वेगानं फिरवला तर वीज जवळजवळ निम्मीच लागते, हे ऐकून लेखापाल पहिल्यांदाच खुर्ची पुढं ओढून बसले.

खरी अडचण असते गर्दीची. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ३०० श्रोते म्हणजे ३० किलोवॅट. शिवाय सगळ्यांचा श्वास. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. कोंडलेल्या सभागृहात तो हजाराच्या वर सहज जातो. त्याचा सेन्सर असला की गर्दीप्रमाणे डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडतो आणि ताजी हवा येते. नुसते स्प्लिट एसी लावलेल्या खोल्यांत ही सोयच नसते. तिथल्या जांभयांचा दोष मात्र वक्त्यावर येतो!

या महाविद्यालयात आजवर हे सगळं शिपाईमामा सांभाळायचे. कार्यक्रमाच्या तासभर आधी मशिन चालू, गर्दी वाढली की मागचं दार उघडं. अमेरिकेत व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयातही असाच एक कर्मचारी वर्गावर्गांत फिरून थंडी-ऊब पाहायचा. त्याच्या येण्यानं तास मोडतो म्हणून तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी तळघरात घंटा वाजवणारा विजेवरचा थर्मोस्टॅट बनवला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. इमारतींच्या स्वयंचलित नियंत्रणाचा धंदा तिथूनच वाढला.

धाराशिव बालाघाटाच्या डोंगरात वसलेलं. उन्हाळ्यातही इथं पहाटे हवा बरीच उतरते. मेकॅनिकनं टायमर लावून पहाटे नुसते पंखे चालतील, बाहेरची गार हवा आत येईल, अशी सोय केली. मशिनबरोबर आलेल्या ठरावीक सेटिंगमध्ये हे नव्हतं. इथल्या हवेची माहिती असलेल्या माणसालाच ते सुचलं.

नवं सभागृह बांधणाऱ्या संस्थाचालकांना एवढंच सांगणं आहे: निविदेत किती टनांचा एसी हे लिहाल, तेव्हा सेन्सरची जागा आणि ताज्या हवेची वाटही लिहून घ्या. पॅनेलचा पासवर्ड ठेकेदाराकडं ठेवू नका, शिपाईमामांना द्या.